एकेक काढून बघू

शेवटी कॉम्प्युटर सुरू झाला. उत्तम चालतोय. ताईला नोकरी लागली, बाबांचा रक्तदाब उतरला आणि घरातले चौघेही मजेत आहेत.

उगाच कुणाच्या जिवाला घोर नको म्हणून हे आधी सांगून टाकलं. आता मी हे बोललोच नाही आणि तुम्ही ऐकलंच नाही असं धरून चालू. कॉम्प्युटर बंद आहे. सकाळ आहे. ताई बटण दाबते आहे, थांबते आहे, परत दाबते आहे. मी बेसिनपाशी उभा आहे आणि माझ्या तोंडाला फेस आलाय. हा टूथपेस्टचा. खरा अजून यायचाय.

"माकडा!" ताई ओरडली. "काय केलंस याला?"

आमच्या घरात एखादी वस्तू बंद पडली की तिला काय झालं असं कुणी विचारत नाही. मी काय केलं असं विचारतात. यात अन्याय आहे, पण अनुभवाचा आधारही आहे.

घर तिसऱ्या मजल्यावर. हॉलच्या खिडकीखाली टेबल, टेबलावर स्क्रीन, खाली सीपीयूचा काळा डबा. समोरच्या इमारतीत चष्म्याचं दुकान आहे, त्याच्या पाटीवर खाटेएवढा चष्मा काढलाय आणि तो दिवसभर आमच्या हॉलमध्ये बघत असतो. हा कॉम्प्युटर मी स्वतः जोडलेला. जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. कॉम्प्युटर व्यवस्थित चालत होता, म्हणजे त्या स्क्रूचं तिथे काही काम नव्हतं. तो मी औषधाच्या बाटलीच्या झाकणात घालून खिडकीत ठेवला. "तुझ्याच डोक्यातला असेल," असं तेव्हा आई, बाबा आणि ताई तिघांनीही स्वतंत्रपणे म्हटलं. कुणीही कुणाचं ऐकून म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी ताईची मुलाखत होती. ताई जमिनीखालच्या नळांचे आणि गटारांचे नकाशे काढते. कंपनीवाले स्क्रीनच्या पलीकडे बसून तिला एक नकाशा काढायला लावणार होते आणि नकाशाचा प्रोग्रॅम फक्त याच डब्यात होता. नोकरी मिळाली तर ती घरून करायची. नाही मिळाली तर ताईला जुन्या ऑफिसात, लांबच्या गावी परत जावं लागणार आणि घरात अपत्य म्हणून फक्त मी उरणार. या शक्यतेने आई-बाबा दोघंही मनातून खचले होते.

माझं म्हणाल तर मी काही करत नव्हतो. म्हणजे बरंच काही करत होतो, पण त्याला नोकरी म्हणत नाहीत. घरात माझं एकच पद होतं. कॉम्प्युटर बंद पडला की मी कामावर, चालू झाला की रजेवर.

"चिरंजीव रुजू झाले," बाबा पेपराआडून म्हणाले.

मी प्लग काढून घातला. त्याच प्लगात टेबलाचा दिवा लावून पाहिला, दिवा लागला. डब्याची बाजू उघडली. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबराने घासली. शाळेत मी चुका कधी खोडल्या नाहीत, त्यामुळे खोडरबर नवाकोरा होता. फुंकर मारली, पट्टी बसवली, बटण दाबलं. आतला पंखा फिरला, धूळ उडाली, हिरवा दिवा लागला. स्क्रीन काळी ती काळीच.

मग आवाज आला. टूऽऽ, टूऽऽ, टूऽऽ. टिक.

कॉम्प्युटरला कुठे दुखत असेल तर सुरू होताना तो असे बीप काढून सांगतो. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे अमुक, नुसते आखूड म्हणजे तमुक. मोबाइलवर त्याचा तक्ता सापडतो. मी तो वरून खाली आणि खालून वर वाचला. तीन लांब आणि एक आखूड असा आजारच नव्हता.

"पाय हलवू नकोस," बाबा म्हणाले.

मी कुठेही बसलो की माझा उजवा पाय हलायला लागतो. मी हलवत नाही, तो हलतो. त्याने टेबल हलतं, टेबलाने पेनांचा डबा वाजतो आणि बाबांना वाचता येत नाही. लहानपणापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते मला स्वतःचं नाव वाटतं.

"त्या पायानेच वायर सुटली असेल," ताई म्हणाली. तिने केस वर बांधले होते, परत सोडले, परत बांधले.

"पायाला वायर नसते."

"तुला अक्कल नसते."

बाबा उठले आणि डॉक्टरांना आणायला गेले. डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. प्रत्येक मशीनला तो पेशंट म्हणतो, म्हणून डॉक्टर. त्याला फोन करून उपयोग नसतो, कारण त्याचा स्वतःचा फोन कायम त्याच्याच टेबलावर उघडून पडलेला असतो.

बाबा गेल्यावर मी परत बटण दाबलं. टूऽऽ, टूऽऽ. टिक.

"एक कमी झाला," मी म्हटलं. "उतार पडतोय."

"अंगारा लाव आता," ताई म्हणाली. आईने चहा टाकला. आमच्याकडे कुठल्याही संकटात चहा टाकतात. त्याने संकट जात नाही, पण संकटाला बसायला सांगितल्यासारखं होतं.

डॉक्टर आला. लोक खिशाला पेन लावतात तिथे त्याने स्क्रूड्रायव्हर लावला होता. डब्याच्या माथ्यावर त्याने तळहात ठेवला. "कधीपासून आहे हे?"

"सकाळपासून."

"रात्री नीट होता? काही वेगळं दिलं होतं?"

"नेहमीचंच," मी म्हटलं. डॉक्टरने मान हलवली आणि बटण दाबलं. टूऽऽ, टूऽऽ, टूऽऽ, टूऽऽ. टिक.

"आता चार?" मी म्हटलं. "मघाशी दोन होते."

"करंट कमीजास्त होतो," डॉक्टर म्हणाला. "मदरबोर्ड गेला." थोड्या वेळाने म्हणाला, "नाही, मदरबोर्ड आहे. डिस्क गेली." डिस्कवर कान ठेवून म्हणाला, "डिस्कही आहे." बाबा अस्वस्थ व्हायला लागले. त्यांची सगळी हयात दुकानांतले वजनकाटे तपासण्यात गेली. एकदा मोजलेलं ते मोजलेलं नव्हे, हे त्यांचं घरचं आणि दारचं तत्त्व. आम्हाला जन्माच्या वेळीही त्यांनी दोनदा वजन केल्याशिवाय ताब्यात घेतलं नव्हतं.

"हे बघा," डॉक्टर शेवटी म्हणाला, "खराब काय ते शोधत बसायचं नसतं. सरळ काढायचं. एकेक काढून बघायचं. जे काढल्यावर मशीन चालतं, खोट त्यात."

"हे बरोबर आहे," बाबा म्हणाले.

आईने जमिनीवर पेपर पसरला. डॉक्टर काढत गेला आणि मांडत गेला. रॅम, डिस्क, जादाचा पंखा, चपट्या केबली, घडी घातलेल्या फितीसारख्या. एक वस्तू काढायची, बटण दाबायचं. चार लांब, एक आखूड. दुसरी काढायची, बटण दाबायचं. चार लांब, एक आखूड. डबा रिकामा होत गेला आणि पेपर भरत गेला. घड्याळाकडे बघायचं ताईने सोडून दिलं होतं, ती फक्त घड्याळाच्या खाली जाऊन उभी राहिली होती.

शेवटी डॉक्टरने आतला बीप वाजवणारा स्पीकरच उपटला. शर्टाच्या गुंडीएवढा काळा तुकडा. तो त्याने पेपरवर ठेवला. "आता ओरड म्हणावं."

त्याने बटण दाबलं.

टूऽऽ, टूऽऽ, टूऽऽ, टूऽऽ. टिक.

आवाज डब्यातून आला नव्हता. कुठून आला ते मी नेमकं सांगू शकत नाही. आम्ही पाच जण टेबलाभोवती उभे होतो आणि आवाज साधारण आमच्या उंचीवरून आला. शेवटचा आखूड तर माझ्या इतक्या जवळून आला की मी खिशातला मोबाइल चाचपून पाहिला.

डॉक्टरने हातातला चहा खाली ठेवला. "जरा वारा घेऊन येतो," म्हणाला आणि जिन्यात जाऊन उभा राहिला.

नुसतं उभं राहणं बाबांना जमत नाही. त्यांनी बटण दाबलं. तीन लांब, एक आखूड.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "डॉक्टर, आत या."

चार.

"बाहेर जा."

तीन.

डॉक्टर उंबऱ्यावर घुटमळला, एक पाय आत, एक पाय बाहेर. बाबांनी त्याच वेळी बटण दाबलं. तीन लांब झाले. चौथा सुरू झाला आणि मधेच तुटला.

कुणीच हसलं नाही. अशा वेळी घरात मी काहीतरी बोलतो, ते माझं काम आहे. पण मी पेनांचा डबा उचलून सरळ ठेवला. समोरचा चष्मा आमच्याकडे बघत होता.

"एकेक काढून बघू," बाबा म्हणाले. हा त्यांचा ऑफिसातला आवाज होता.

आधी आई बाहेर गेली. हातात गाळणं तसंच होतं. एक लांब कमी झाला, कॉम्प्युटर चालू झाला नाही. ती आत आली. मग ताई. एक लांब कमी, बाकी काही नाही. मग बाबा स्वतः गेले आणि बाहेरून ओरडले, "दाबा!" तेच. दर वेळी शेवटी तो आखूड, उचकीसारखा.

"आता तू," बाबा म्हणाले.

"मला कशाला? मी तर दुरुस्त करणारा आहे."

"नियम म्हणजे नियम."

मी बाहेर गेलो. नीट ऐकू यावं म्हणून आईने दार लोटून घेतलं. जिन्यात रंगाचा वास होता आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली ओढत होतं. आतून आवाज आला. एक लांब. दुसरा. तिसरा. चौथा. मी पाचव्याची वाट पाहत उभा राहिलो.

तो आला नाही. त्याऐवजी कॉम्प्युटर सुरू झाल्यावर वाजते ती छोटी धून वाजली आणि ताई आनंदाने किंचाळली.

मी दार उघडून धावत आत गेलो. सुरू झाला होता! माझ्या चेहऱ्यावर हसू होतं, ते मला आठवतंय, कारण ते नंतर कुठे ठेवायचं ते कळेना. मी उंबरा ओलांडला आणि स्क्रीन विझली.

चौघं माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. आपण घरातल्या जुन्या नळाकडे बघतो तसं.

"एकदा मोजलेलं ते मोजलेलं नव्हे," बाबा हळू आवाजात म्हणाले. "परत."

परत गेलो, परत धून वाजली. परत आलो, परत विझली. तिसऱ्या वेळी बाबा नाही म्हणाले. त्यांच्यापुरतं सिद्ध झालं होतं.

डॉक्टर पेपरपाशी उकिडवा बसला होता. "पण रॅम इथे आहे," तो म्हणाला. "डिस्क इथे आहे. सगळं इथे खाली आहे. मग आत चालू काय झालं?"

"चालू झालं ना?" बाबा म्हणाले. "मग हे सगळं परत बसवा आणि झाकण लावा."

"बाळा," आई माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "ताईची मुलाखत होईपर्यंतच. हं?"

ताई काही बोलली नाही. ती बोलली असती तर मी वाद घातला असता. तिच्या ओठांवर घाम होता आणि ती माझ्याकडे न बघता माझा हात घट्ट धरून उभी होती.

"दहा मिनिटं आधीच जातो," मी म्हटलं. "ट्रॅफिक असतं जिन्यात."

जिना पुसलेला नव्हता. आईने मागून पेपर आणून दिला, म्हणाली कागदावर बस, पँट खराब होईल. मी तो पायरीवर पसरला आणि बसलो. उजवा पाय सुरू झाला. बऱ्याच वेळाने माझं खाली लक्ष गेलं. हा तोच पेपर होता. त्याच्यावर धुळीचे ठसे होते, पट्टीचा, डिस्कचा, पंख्याचा, ओळीने मांडलेले. ओळीत शेवटी एक जागा कोरी होती. तिथे मी बसलो होतो.

डॉक्टर हातात पिशवी घेऊन बाहेर आला आणि माझ्या अंगाला लागणार नाही अशा बेताने, भिंतीला घासत खाली उतरायला लागला.

"डॉक्टर," मी म्हटलं, "काढलेल्या पार्टचं काय करतात?"

"कॉन्टॅक्टचा प्रॉब्लेम असतो," तो पायऱ्यांकडे बघत म्हणाला. "पार्ट खराब असतोच असं नाही. त्या बोर्डाशी जुळत नाही."

"मग?"

"कंपनीकडे परत. कधीकधी बदलून देतात."

"दुसरा?"

"तोच देतात. म्हणजे तसाच. चालणारा."

आणि तो बराच भराभर उतरून गेला.

ताईला नोकरी लागली. तिने उंबऱ्यावर येऊन मला मिठी मारली आणि आत धावली. बाबांनी दारातूनच माझी पाठ थोपटली. मी म्हटलं, घराच्या उत्कर्षात माझा वाटा मी बाहेर राहून उचलला. सगळे हसले. मग ताई म्हणाली, तिला रोज सकाळपासून काम असणार.

सुरुवातीला सोपं होतं. दिवसा मी बाहेर, संध्याकाळी कॉम्प्युटर बंद झाला की घरी. दिवसा बाहेर राहणाऱ्या माणसाला जग नोकरदार समजतं, त्यामुळे जिन्यात लोक मला नमस्कार करायला लागले. मी वाचनालयात बसायचो, तिथल्या बाई हळूच येऊन म्हणायच्या, पाय. मग मी बागेत बसायचो. बागेतल्या बाकाला काही तक्रार नव्हती.

मग एका संध्याकाळी मी घरी गेलो आणि फ्रीजचा आवाज थांबला. मी पाणी प्यायलो, खिडकीशी गेलो, फ्रीज गप्पच. आईने दार उघडून आत हात घातला, मग माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आतून फ्रीज घरघरला.

"तुला काही म्हणत नाही रे," आई दाराच्या फटीतून म्हणाली. "पण दूध नासतं."

त्यानंतर हॉलमधला दिवा. त्यानंतर भिंतीवरचं घड्याळ, ते मी असताना थांबायचं आणि मी गेल्यावर मधला वेळ भरून काढायला धावायचं. बाबांनी तेही दोनदा तपासलं. मी चप्पल घालेपर्यंत ते सेकंदकाट्याकडे बोट रोखून उभे असायचे आणि काटा निघाला की "निघाला!" म्हणायचे. त्या आवाजात आनंद होता. मला त्यांचा राग आला नाही. आयुष्यभर माणूस खोट शोधतो आणि ती एवढी स्वच्छ सापडते, तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी दिसणारच.

मी डॉक्टरच्या दुकानात गेलो. आत उघडे डबे, स्क्रीन, पंखे, सगळं एकदम चालू होतं. मी उंबऱ्यावर थांबलो.

"ये आत," डॉक्टर म्हणाला. "बघू."

मी आत गेलो. काहीही बंद पडलं नाही. एक स्क्रीन तर मी वाकल्यावर जास्तच उजळली. डॉक्टरने सुस्कारा टाकला. "म्हटलं ना, पार्ट खराब नाही. तिथे चालत नाही, एवढंच."

दुकानाच्या माळ्यावर एक गादी होती. मी तिथेच राहायला लागलो आणि खाली काम करायला लागलो. बाबांना कळवलं तेव्हा म्हणाले, "चला, चिरंजीवही मार्गाला लागले." आई रोज डबा घेऊन दुकानात यायची. माझ्या समोर बसून मी जेवताना बघायची आणि घरचं सगळं सांगायची. ताईला शाबासकी मिळाली. पाण्याला जोर आलाय. आई सांगताना आनंदात असायची आणि मधेच मला आणखी भाजी वाढायची.

"मी येऊ का रविवारी?" मी एकदा विचारलं. "पाच मिनिटं. लांब उभा राहीन."

"येशील रे," आई म्हणाली. "अजून थोडं बस्तान बसू दे." डब्याचं झाकण तिला नीट लावता येईना, ते मी लावून दिलं.

मग एक दिवस आई आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं बरं नसेल. दुपारी डॉक्टर बाहेरून आला, खिशाला स्क्रूड्रायव्हर लावत होता.

"तुमच्या घरूनच आलो," तो म्हणाला. "बदलून आला तो पार्ट."

"कुठला?"

"जो काढला होता तो."

मी हातातली केबल खाली ठेवली. "काय काढलं होतं तुम्ही, डॉक्टर? सगळं परत बसवलं होतं तेव्हाच."

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी आठवायचा प्रयत्न करणाऱ्या माणसासारखा. मग त्याने तो प्रयत्न सोडून दिला.

"मस्त बसला," तो म्हणाला. "या वेळी एकही स्क्रू उरला नाही. तो खिडकीतला होता ना, झाकणात ठेवलेला, तोही लागला."

मी निघालो.

ऊन होतं. चष्म्याचं दुकान उघडं होतं. मी जिना चढलो. दुसऱ्या मजल्यावर एक काका उतरत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. "आत्ताच तर वर गेलास," म्हणाले आणि स्वतःशीच मान हलवत उतरले.

दारापुढे चपला होत्या. आईच्या. बाबांच्या. ताईच्या. आणि एक जोड, त्याच्या डाव्या पट्ट्याला तार गुंडाळलेली. ती मी गुंडाळली होती. मी माझ्या पायाकडे पाहिलं. माझ्या डाव्या पट्ट्यालाही तार होती.

मी बेल दाबली. वाजली नाही.

आतून बटण दाबल्याचा आवाज आला. पंखा फिरला.

टूऽऽ, टूऽऽ, टूऽऽ.

मी श्वास धरला.

टिक.

आणि धून वाजली.

"झाला!" ताई ओरडली. "माकडा, आता हात लावू नकोस!"

"बाळा, चहा घे," आईचा आवाज. कप टेकल्याचा आवाज. कुणीतरी काहीतरी पुटपुटलं आणि तिघंही हसले. विनोद मला ऐकू आला नाही. पण हसू कुठे फुटणार ते मला आधीच कळलं होतं.

मी पायरीवर बसलो. जुना पेपर तिथेच होता.

आत टेबल हलायला लागलं. पेनांचा डबा बारीक वाजायला लागला.

"पाय हलवू नकोस," बाबा म्हणाले.

मी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय हलत नव्हता. मी हलवून पाहिला. दोनदा.

सबब संबंधितांस विनंती, की वर नमूद केलेल्या घरात सध्या बसवलेला भाग कोणत्या दालनातून, कोणाच्या सहीने व कोणत्या नमुन्यावरून देण्यात आला याचा खुलासा व्हावा. मूळ भाग सुस्थितीत असून जिन्यात, तिसऱ्या मजल्यावर, कागदावर ठेवलेला आहे याची नोंद घेऊन तो सवडीने परत बसवून पाहावा. आणि तसं करणं नियमात बसत नसेल, तर निदान त्या भागास पाय थांबवण्याची समज देण्यात यावी, म्हणजे माझा सुरू होतो का, एवढं मला एकदा तपासून पाहता येईल. एकदा पुरे.